किलबिल यंत्र आणि श्टाझीचे दप्तर : पूर्व जर्मनीतील पंकची गोष्ट

१९९३ साली कॉर्नेलिया श्लाइमे या जर्मन चित्रकर्तीने एक मालिका पूर्ण केली. तीत कुंचल्याचे काम फारसे नव्हते. पूर्व जर्मनीच्या गुप्तपोलिसांनी तिच्याविषयी तयार केलेल्या टंकलिखित अहवालांची पाने तिने मोठी करून घेतली आणि त्यांवर स्वतःची छायाचित्रे बसवली. ही छायाचित्रे जुनी नव्हती. अहवाल वाचून झाल्यावर तिने ती मुद्दाम काढवून घेतली होती. गुप्तपोलिसांच्या कल्पनेतली ‘ती संशयित बाई’ जशी दिसायला हवी, तशी श्लाइमे त्यांत नटूनथटून, नाटकी मुद्रा करून उभी आहे.

मालिकेचे नावही सरकारी पत्राच्या शेवटच्या ओळीसारखे आहे : ‘यापुढेही उत्तम सहकार्याच्या अपेक्षेत, क्रमांक ७२८४/८५’. पाहणाऱ्याला हसू येते. मात्र श्लाइमेची माहिती श्टाझीला, म्हणजे पूर्व जर्मनीच्या राज्यसुरक्षा मंत्रालयाला, पुरवणाऱ्यांत तिच्याच पंक बँडमधला एक कवी होता, हे कळल्यावर ते हसू तसेच राहत नाही. आजचा धागा त्या बँडचा, त्या कवीचा आणि त्या दप्तराचा आहे.

साम्यवादी राजवटी आणि रॉक संगीत हा विषय निघाला की एक ठरलेली कथा सांगितली जाते. प्रागमध्ये १९७६ साली ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ या बँडशी संबंधित मंडळींवर खटला झाला, त्या अन्यायातून जानेवारी १९७७ मध्ये ‘चार्टर ७७’ हे नागरी हक्कांचे निवेदन जन्मले, त्याचा एक प्रवक्ता वाक्लाव हावेल बारा वर्षांनी राष्ट्राध्यक्ष झाला. कथा खरी आहे आणि सुंदरही आहे. पूर्व जर्मनीची कथा तिच्याइतकी सरळ नाही. तिथे राजवटीविरुद्ध गाणारे आणि राजवटीला खबर देणारे कधीकधी एकाच मंचावर उभे होते.

पंक पूर्व जर्मनीत आले ते आकाशवाटे. भिंतीने माणसे अडवली, रेडिओलहरी अडवणे तिला शक्य नव्हते. पश्चिम बर्लिनची केंद्रे पूर्वेत सहज ऐकू येत. ब्रिटिश सैन्यासाठी चालणाऱ्या केंद्रावर जॉन पीलचा कार्यक्रम लागे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस काही शाळकरी मुले कॅसेट रेकॉर्डरची बटणे दाबून तो टिपू लागली. केसांना साखरेचे पाणी लावून ते उभे करणे, शिवणयंत्राजवळच्या सेफ्टी पिना जाकिटाला टोचणे, एवढ्यावर सुरुवात झाली.

वेश सारखा असला तरी तक्रार वेगळी होती. ब्रिटनमधला पंक मंदीच्या, बेकारीच्या काळातला. आपल्याला भविष्यच नाही, हे त्याचे रडगाणे. पूर्व जर्मनीत बेकारी नव्हतीच. काम न करणे हाच दंडसंहितेच्या कलम २४९ नुसार ‘समाजविघातक वर्तना’चा गुन्हा होता. बालवाडी, पायोनियर संघटना, मुक्त जर्मन युवक संघटना, शिकाऊ उमेदवारी, लष्करी सेवा, कारखाना, घरासाठी प्रतीक्षायादी, गाडीसाठी प्रतीक्षायादी : पोरगा पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या साठीपर्यंतचा आराखडा तयार असे. २००५ साली बर्लिनमध्ये पूर्व जर्मन पंकचे मोठे प्रदर्शन भरले, त्याला दिलेले नाव म्हणूनच अचूक आहे : ‘टू मच फ्युचर’. भविष्याचा अतिरेक. त्या प्रदर्शनाच्या दोन कर्त्यांपैकी एक, मिखाएल बोल्के, ऐंशीच्या दशकात ज्या बँडमध्ये गात असे त्याचे नाव होते ‘प्लानलोस’. नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेच्या देशात ‘नियोजनशून्य’ असे नाव घेणे हा विनोद होता आणि जाहीरनामाही.

असा बँड काढणे सोपे मुळीच नव्हते. सार्वजनिक वादनासाठी परवाना लागे. परवान्यासाठी सांस्कृतिक खात्याच्या समितीपुढे वाजवून दाखवावे लागे. समिती गाण्याचे शब्द तपासी, बँडची वर्गवारी ठरवी आणि त्या वर्गानुसार मानधनाचा दर ठरे. लोकप्रिय संगीताच्या तबकड्या काढणारी कंपनी एकच, सरकारी ‘अमिगा’. १९५८ पासूनच्या नियमानुसार कार्यक्रमातील साठ टक्के संगीत समाजवादी देशांतले असणे बंधनकारक होते. विनापरवाना वाजवणाऱ्याला दंड होई. मग मुलांनी काय करावे? तळघरे, पोटमाळे, मित्रांची कोळशाच्या शेगडीवर तापणारी घरे, एवढीच सभागृहे त्यांना उरली.

आता ड्रेसडेनकडे वळू. श्लाइमेचा जन्म १९५३ सालचा, पूर्व बर्लिनमधला. आधी तिने केशकर्तनाचे शिक्षण घेतले. पुढे १९७५ ते १९८० या काळात ती ड्रेसडेनच्या कला अकादमीत शिकली. १९७९ साली तिने आणि राल्फ केरबाख या चित्रकार मित्राने बँड काढला. दोघेही संगीतकार नव्हते, आणि पंकच्या हिशेबी हीच मोठी पात्रता. बँडचे नाव ‘त्स्विचरमशिने’, म्हणजे ‘किलबिल यंत्र’. हे पाउल क्लेच्या १९२२ सालच्या चित्राचे नाव आहे : तारेवर बसलेले काही पक्षी आणि त्यांना गायला लावणारा एक हातदांडा. नाझींनी १९३७ साली ‘अधःपतित कला’ म्हणून ते बर्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयातून हटवले आणि पुढे ते न्यूयॉर्कला गेले. दांडा फिरवला की गाणारे पक्षी! नाव निवडताना त्यांना यात किती अर्थ दिसला असेल ते असो. बारा वर्षांनी तो अर्थ फारच बोचरा ठरला.

१९८१ मध्ये श्लाइमेवर प्रदर्शनबंदी आली. चित्रकाराचे प्रदर्शन थांबवले की त्याचा व्यवसाय थांबतो, हा राजवटीचा हिशेब. श्लाइमेने मार्ग बदलला. स्वतःचे शरीर तार, दोऱ्या, कापड यांत गुंडाळून, त्यावर रंग फासून ती छायाचित्रे काढवून घेऊ लागली; हौशी सुपर ८ कॅमेऱ्यावर लघुपट करू लागली. ज्या कलेला आज आपण परफॉर्मन्स आर्ट म्हणतो, ती पूर्व जर्मनीत अशी अडचणीतून वाढली. तिला भिंत लागत नाही, दालन लागत नाही, परवाना लागत नाही. एक अंगण, एक मित्र, एक कॅमेरा पुरे. कार्यक्रम संपल्यावर जप्त करायलाही काही उरत नाही. ड्रेसडेनच्याच अकादमीत पुढे नेपथ्याचे विद्यार्थी असलेले मिखा ब्रेंडेल, एल्झे गाब्रिएल, व्हिया लेवांडोव्स्की आणि रायनर ग्योर्स यांनी कच्चे मांस, रक्त वापरून अंगावर काटा आणणारे प्रयोग केले आणि १९८७ साली त्यांतल्या एका प्रयोगावर अकादमीची पदवीच मिळवली. राजवट सर्वत्र सारखीच कडक नव्हती. कुठे काय खपून जाईल, हे अधिकाऱ्यालाही आधी सांगता येत नसे.

किलबिल यंत्रात शब्द आणि आवाज पुरवणारा होता साशा अँडरसन. श्लाइमेच्याच वयाचा, वायमारचा, कवी. त्याच्याकडे माणसे जोडण्याचे विलक्षण कसब होते. चित्रकाराला कवीशी, कवीला छपाईवाल्याशी, छपाईवाल्याला पश्चिमेतल्या पत्रकाराशी गाठ घालून द्यावी ती त्यानेच. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी तो पूर्व बर्लिनमधल्या प्रेन्झलाउअर बेर्ग या मोडकळीस आलेल्या घरांच्या वस्तीत गेला आणि तिथल्या भूमिगत साहित्याचा आधारस्तंभ बनला. चित्रकारांना शंभराच्या आतल्या प्रती परवानगीवाचून छापता येत. त्या फटीतून हाताने बांधलेली, चित्रे आणि कविता एकत्र असलेली छोटी पुस्तके निघत. अशा कित्येक पुस्तकांमागे अँडरसनची धावपळ असे. तो नसता तर ही मंडळी एकमेकांना भेटलीही नसती, असे त्या काळी म्हणत. ते खोटे नव्हते.

१९८३ साली पश्चिम बर्लिनच्या एका छोट्या कंपनीने ‘डीडीआर फॉन उंटन’, म्हणजे ‘खालून दिसणारा पूर्व जर्मनी’, ही तबकडी काढली. पूर्व जर्मन पंकची ती पहिली लॉन्ग-प्ले तबकडी. ध्वनिमुद्रण पूर्वेत चोरून झाले, फिती भिंतीपलीकडे गेल्या. एका बाजूला किलबिल यंत्र. दुसऱ्या बाजूला ‘झाउ-केर्ले’ या खोट्या नावाने वाजवणारा ‘श्लाइम-काइम’ हा एरफुर्टजवळच्या श्टोटर्नहाइम गावातला बँड. त्याचा म्होरक्या डीटर एर्लिश, सर्वांचा ‘ओत्से’. कामगारांच्या पोराला शोभेल असा रांगडा गडी. अकादमीतल्या चित्रकारांचे आणि याचे जग एक नव्हते. तबकडीच्या दोन्ही बाजू ऐकणाऱ्याला हा फरक पहिल्या मिनिटात कळतो.

तबकडीच्या जुळवाजुळवीत अँडरसन होता. त्यामुळे श्टाझीला ती निघण्याआधीच सर्व ठाऊक होते. ओत्से आणि त्याचे सोबती पकडले गेले, त्यांची कसून चौकशी झाली. अँडरसनला तशी झळ लागली नाही. तेव्हा याचे कोणाला फारसे नवल वाटले नाही. प्रसिद्ध माणसाला हात लावायला राजवट कचरते, असा समज होता.

याच वर्षी राजवटीने पंकविरुद्ध कंबर कसली. निमित्त चर्चचे. मार्च १९७८ मध्ये एरिश होनेकर आणि प्रोटेस्टंट चर्चचे धुरीण यांच्यात समझोता होऊन चर्चला आपल्या आवारापुरती मोकळीक मिळाली होती. काही धर्मोपदेशकांनी त्या आवाराची दारे समाजाने झिडकारलेल्या तरुणांसाठी उघडली. पूर्व बर्लिनमध्ये रायनर एपेलमान हा पाद्री १९७९ पासून ‘ब्लूज मास’ भरवत होता. हजारो तरुण येत. एप्रिल १९८३ मध्ये हाले शहरातील क्रिस्टुस चर्चमध्ये देशभरच्या पंक मंडळींचा मेळावा झाला. देवावर काडीचा विश्वास नसलेली, गळ्यात साखळदंड घातलेली पोरे वेदीजवळ गिटार बडवत आहेत आणि मागच्या बाकावर भाविक आजीबाई कानांवर हात ठेवून बसल्या आहेत, हे दृश्य त्या देशात अशक्य राहिले नाही.

त्या मेळाव्यात ‘नामेनलोस’ हा बर्लिनचा बँड वाजला. अर्थ, ‘निनावी’. त्याची गायिका याना श्लॉसर. बँडच्या एका गाण्यात श्टाझीची तुलना थेट हिटलरच्या एसएसशी केलेली होती. पूर्व जर्मनीची सारी प्रतिष्ठा फॅसिझमविरोधावर उभी होती. बर्लिनच्या भिंतीचे सरकारी नावच ‘फॅसिझमविरोधी संरक्षक तट’ असे होते. ही तुलना सहन होणे शक्य नव्हते. ऑगस्ट १९८३ मध्ये बँडमधल्यांना अटक झाली आणि ‘सार्वजनिक अवमाना’च्या कलमाखाली याना आणि तिचे सोबती तुरुंगात गेले. गाणे म्हटल्याबद्दल.

राज्यसुरक्षामंत्री एरिश मील्केचा आदेश त्या वर्षी स्पष्ट होता : पंकशी कठोरपणे वागा. कोणाला सक्तीने सैन्यात धाडले, कोणाला बर्लिनबंदी केली, कोणाचे ओळखपत्र काढून घेऊन हातात तात्पुरता कागद दिला. तो कागद दिसला की कोणताही शिपाई अडवू शके. श्टाझीच्या भाषेत हे सारे ‘नकारात्मक-अधःपतित’ युवक. त्यांच्या केसांची ठेवण, कपडे, राजकीय मत यांचे तक्ते बनवले गेले. एखाद्या कीटकशास्त्रज्ञाला लाजवेल अशी त्यांची टापटीप.

याहून भयंकर हत्यार मात्र आवाज न करणारे होते. जानेवारी १९७६ च्या एका अंतर्गत निर्देशात त्याला ‘त्सेरझेत्सुंग’ म्हटले आहे, म्हणजे विघटन, कुजवणे. मुलाला तुरुंगात टाकण्याऐवजी त्याच्या मैत्र्या नासवायच्या. खोटी पत्रे पाठवायची. एकाला पकडून मुद्दाम लवकर सोडायचे, म्हणजे इतरांना वाटावे की हाच फुटला. खबऱ्या नसलेल्यावर खबरेपणाचा संशय आणणे हे तर ठरलेले तंत्र. ज्या बँडमध्ये चारजण आहेत आणि त्यांतला एक खबऱ्या असल्याची कुजबुज आहे, तो बँड मोडायला पोलिसांनी यावे लागत नाही. शिवाय खरे खबरे होतेच. त्यांत अठरा वर्षांखालचीही होती. कोणी धमकीला बळी पडले, कोणी परवान्याच्या किंवा पश्चिमेत जाण्याच्या आशेला, तर कोणाला आपण महत्त्वाचे आहोत ही भावनाच पुरली.

श्लाइमेने देश सोडण्यासाठी अर्ज केले. १९८४ साली ती लहान मुलाला घेऊन पश्चिम बर्लिनला गेली. सामान फारसे नेता आले नाही. १९८६ साली अँडरसनही पश्चिम बर्लिनला आला, आणि जुनी मित्रमंडळी तिथे पुन्हा जमली.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात राजवटीने डाव बदलला. पंकला मारता येत नसेल तर परवाना द्यावा. रेडिओवर ‘पारोक्टिकुम’ हा कार्यक्रम १९८६ पासून ‘त्या दुसऱ्या बँडां’ची गाणी वाजवू लागला. ‘फीलिंग बी’ हा बँड त्यांतला सर्वांत रंगेल. त्याचा गायक अल्योशा रोम्पे याच्याकडे स्विस पारपत्र होते, त्यामुळे भिंत त्याच्यासाठी उंबरठा होती. १९८८ मध्ये सरकारी चित्रसंस्थेच्या माहितीपटात हा बँड झळकला, १९८९ मध्ये खुद्द अमिगाने त्याची तबकडी काढली. वाचकांपैकी ज्यांच्या कानात ‘रामश्टाइन’ वाजत असते, त्यांच्यासाठी : त्या बँडचे पाउल लांडर्स आणि ‘फ्लाके’ लोरेन्झ फीलिंग बीमधून आले. फीलिंग बीला सरकारचा बँड म्हणून हिणवणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण तुरुंगात जाणे एवढीच प्रामाणिकपणाची कसोटी धरली, तर त्या देशातली बहुतेक माणसे अप्रामाणिक ठरतील.

१७ ऑक्टोबर १९८७ च्या रात्रीने मात्र राजवटीचा एक आधारच उघडा पाडला. पूर्व बर्लिनच्या झायन चर्चमध्ये पश्चिमेचा ‘एलिमेंट ऑफ क्राइम’ आणि पूर्वेचा ‘डी फिर्मा’ यांचा कार्यक्रम होता. संपता संपता सुमारे तीस स्किनहेड नाझी घोषणा देत आत घुसले आणि प्रेक्षकांना झोडपू लागले. लोकपोलिसांच्या गाड्या जवळच उभ्या होत्या. ते हलले नाहीत. फॅसिझम मुळासकट उपटल्याचा दावा करणाऱ्या राज्यात नवनाझी होते, आणि पोलिसांना पंकपेक्षा ते कमी धोक्याचे वाटत होते. आरोपींना सुरुवातीला सौम्य शिक्षा झाल्या. ओरड झाल्यावर त्या वाढवाव्या लागल्या. पाचच आठवड्यांनी श्टाझीने छापा घातला तो याच चर्चच्या आवारातल्या पर्यावरण ग्रंथालयावर, तिथे छापल्या जाणाऱ्या पत्रकांसाठी. निषेध म्हणून लोक मेणबत्त्या घेऊन चर्चपाशी उभे राहिले, आणि या वेळी त्यांत केवळ रंगीत केसांची पोरे नव्हती.

‘डी फिर्मा’ म्हणजे ‘कंपनी’. लोक श्टाझीला कुजबुजत्या स्वरात हेच म्हणत. बँडने ते नाव टोमणा म्हणून घेतले होते. दप्तर उघडल्यावर दिसले की त्यातले दोन सदस्य खरोखरच कंपनीच्या यादीत होते.

ते दप्तर उघडले कसे, हा या इतिहासातला सर्वांत उजळ भाग, आणि त्याच्या केंद्रस्थानी एक परफॉर्मन्स कलावती आहे. एरफुर्टची गाब्रिएले श्टोत्सर. १९७६ साली वोल्फ बिअरमान या गायक-कवीला पश्चिमेत कार्यक्रमासाठी गेला असताना पूर्व जर्मनीने परत येऊ दिले नाही. त्याविरुद्धच्या निषेधात भाग घेतल्याबद्दल श्टोत्सरला १९७७ मध्ये वर्षभराचा तुरुंगवास घडला, काही काळ होहेनेकच्या कुख्यात स्त्रीतुरुंगात. सुटल्यावर तिने एरफुर्टमध्ये खाजगी दालन चालवले; ते बंद पाडले गेले. १९८४ पासून तिने स्त्रियांचा गट जमवला. सुपर ८ चित्रपट, स्वतः शिवलेल्या चित्रविचित्र पोशाखांचे प्रयोग, शरीराची छायाचित्रे. स्त्रीवेश करून तिच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला एक तरुणही खबऱ्या निघाला. अश्लीलतेच्या गुन्ह्यात तिला अडकवता येईल असे काही तिच्या हातून घडवणे हे त्याचे काम होते. ती छायाचित्रे आज प्रदर्शनांत लागतात.

भिंत ९ नोव्हेंबर १९८९ रोजी उघडली. श्टाझी मात्र जागेवर होती आणि कागद जाळत होती. ४ डिसेंबरच्या सकाळी एरफुर्टमधल्या कार्यालयाच्या धुराड्यातून धूर निघताना लोकांनी पाहिला. श्टोत्सर आणि तिच्यासारख्या काही स्त्रियांनी पुढाकार घेतला, माणसे गोळा केली, वाहने आडवी लावून वाटा अडवल्या आणि त्या इमारतीत शिरल्या. श्टाझीचे जिल्हा कार्यालय नागरिकांनी ताब्यात घेण्याची ही पहिली घटना. ती बातमी पसरताच इतर शहरांत तेच झाले, आणि १५ जानेवारी १९९० रोजी बर्लिनचे मुख्यालयही लोकांच्या हाती आले. नंतरच्या मोजणीत एक-एक फाइल उभी लावून सुमारे १११ किलोमीटर कागद भरला. फाडलेल्या कागदांची पंधरा हजारांवर पोती वेगळीच.

ऑक्टोबर १९९१ मध्ये बिअरमानला ब्यूशनर पुरस्कार मिळाला. पुरस्काराच्या भाषणात त्याने प्रेन्झलाउअर बेर्गच्या लाडक्या कवीला शिवी हासडून जाहीरपणे श्टाझीचा खबऱ्या म्हटले. ज्या गायकासाठी श्टोत्सर तुरुंगात गेली होती, त्याच्याच तोंडून हे उघड व्हावे! अँडरसनने नाकारले. मग दप्तरे आली. डिसेंबर १९९१ च्या कायद्याने प्रत्येक नागरिकाला स्वतःची फाइल पाहण्याचा हक्क दिला, आणि २ जानेवारी १९९२ पासून वाचनकक्षाची दारे उघडली. ‘डाविड मेन्झर’, ‘फ्रित्स म्युलर’, ‘पेटर्स’ : तिन्ही टोपणनावांमागे अँडरसन होता. पश्चिमेत गेल्यावरही त्याने काम थांबवले नव्हते.

त्यानंतर जर्मन वृत्तपत्रांत मोठा वाद पेटला. काहींनी निकाल दिला की ती सगळी भूमिगत कलाच श्टाझीची बाहुली होती. दांडा फिरवणारा कोण ते कळले, आता पक्ष्यांच्या गाण्याला काय अर्थ? हा निकाल अन्यायाचा आहे. याना श्लॉसर ज्या तुरुंगात बसली तो खरा होता. ओत्सेने स्वतः जोडजाड करून बनवलेल्या वाद्यांतून काढलेला आवाज खरा होता. खबऱ्याने गाठ घालून दिली म्हणून दोन कलावंतांचे एकत्र काम खोटे ठरत नाही. अँडरसनच्या बाबतीत अधिक अवघड गोष्ट ही, की त्याने केलेली मदतही खरी होती. त्याने पुस्तके काढली, तबकडी निघावी म्हणून खटपट केली आणि त्याच वेळी त्यांची खबर दिली. या दोन गोष्टींची वजाबाकी करून एक आकडा काढू पाहणारे अजून कोणाला पटेल असे उत्तर देऊ शकलेले नाहीत.

दप्तराविषयीही सावध असावे लागते. राजवाड्यांपासून मराठी इतिहासलेखनात बखरीपेक्षा अस्सल कागदाला मान आहे, आणि तो रास्तच आहे. श्टाझीचे कागद अस्सल आहेत, तारीखवार आहेत, शिक्क्याचे आहेत. तरी अधिकाऱ्याला वरिष्ठांना काम दाखवायचे असे, खबऱ्याला आपले मोल वाढवायचे असे, आणि शेजारणीला जुना राग काढायचा असे. कोण किती वाजता घरी आले हे तिथे बिनचूक सापडते. का आले, ते सहसा सापडत नाही. पंकच्या इतिहासकाराची पंचाईत ही की कित्येक कार्यक्रमांची एकमेव लेखी नोंद या कागदांतच आहे. गाणाऱ्यांनी पुरावा ठेवला नाही; तो ठेवणे धोक्याचे होते. ऐकायला धाडलेल्यांनी ठेवला.

श्लाइमेने नेमके इथे बोट ठेवले. फाइल वाचून तिने न खटला भरला, न आत्मचरित्रातून खुलासा केला. फाइलला तिने नाटकाची संहिता मानले. तिच्या राहणीविषयी, येणाऱ्याजाणाऱ्यांविषयी, कामधंद्याविषयी जे टिपले गेले, ते तिने कॅमेऱ्यापुढे इतक्या आज्ञाधारकपणे वठवले की त्या ओळींचाच फुगा फुटावा. १९८१ च्या बंदीनंतर तिने अंगाभोवती तार गुंडाळली होती. १९९३ मध्ये तिने हा कागद गुंडाळला. अँडरसनचे आत्मकथन २००२ साली आले, आणि २०१४ मध्ये त्याच्यावर माहितीपट निघाला. क्षमा मागितली की नाही, कशी मागितली, हा वाद त्याच्या प्रत्येक मुलाखतीनंतर नव्याने सुरू झाला.

२०१६ साली बर्लिनने श्लाइमेला हान्ना ह्योख पुरस्कार दिला आणि शहराच्या कलासंग्रहालयात तिच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. प्रदर्शनाला लावण्याजोगी तिची सुरुवातीची चित्रे फार थोडी होती. १९८४ मध्ये देश सोडताना ती मागे राहिली आणि बहुतेक सगळी नाहीशी झाली. ती कुठे गेली, कोणी नेली, याची नोंद त्या १११ किलोमीटर कागदातून अजून निघालेली नाही.